मदत हवी आहे: कार-टी उपचार खारघरला होतो का? लवकर सांगा

घोडबंदरकर: मोठ्या भावाचा कॅन्सर उलटलाय. डॉक्टर म्हणाले, आता कार-टीचं (पेशंटच्याच पेशी बदलून परत चढवतात ते) बघा. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला (टाटाच्या कॅन्सर केंद्राला) थेट गेलं तर घेतात का? खर्च किती? माहिती असेल त्यांनीच लिहा, वेळ नाहीये.

स्मिता_सानपाडा: कुठला कॅन्सर? वय? आधी काय दिलं?

घोडबंदरकर: रक्ताचा. केमो झाली.

स्मिता_सानपाडा: अहो, रक्ताचे कॅन्सर पुष्कळ प्रकारचे असतात. रिपोर्टवर 'बी-सेल' (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) लिहिलंय का बघा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलचं नेक्सकार१९ हे कार-टी, ज्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, ते सीडी१९ ही खूण असलेल्या पेशींवर चालतं. मायलोमा (रक्ताचाच दुसरा कॅन्सर) असेल तर त्याचा उपयोग नाही.

कळवेकर_नितीन: एवढा खर्च कशाला? टाटाची शंभर रुपयांची गोळी २०२४ ला सगळ्या पेपरांत होती. तांबं आणि द्राक्षातलं रेझव्हेराट्रॉल. मी काकूंना तांब्याच्या भांड्यातलंच पाणी देतो.

औषधवाला_वाशी: नितीनभाऊ, कृपया असं सुचवू नका. कॅन्सर पसरू नये म्हणून जे प्रयोग झाले ते उंदरांवरचे. उलटलेल्या कॅन्सरवर तो उपचार नव्हे, आणि भांड्यातल्या पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

कळवेकर_नितीन: तुम्ही औषधं विकता, तुम्ही असंच बोलणार.

राजू७७: सोन्याच्या नॅनोकणांनी गाठ जाळतात म्हणे, ते विचारा ना.

औषधवाला_वाशी: अंगभर पसरलेला आजार कुठे कुठे जाळणार? नॅनोच हवं तर लायपोसोममध्ये (चरबीच्या सूक्ष्म पुडीत) भरलेलं डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध अमेरिकेत १९९५ पासून मंजूर आहे. पण इथे प्रश्न तो नाहीये.

घोडबंदरकर: रिपोर्ट सापडला. 'डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, सीडी२० पॉझिटिव्ह.' वय ५२, आर-चॉप (केमो आणि रिटुक्सिमॅब) झालं. सीडी१९ कुठेच नाही. सीडी२० चालेल का?

स्मिता_सानपाडा: नाही, ती वेगळी खूण. आर-चॉपमधलं रिटुक्सिमॅब तिच्यावर काम करतं. सीडी१९ लिहिलं नाही म्हणजे नसेलच असं नाही, तपासलं नसेल. गाठीच्या तुकड्याचे मेणातले ब्लॉक, स्लाइड्स आणि पेटस्कॅनची डिस्क घेऊन जा. नुसता रिपोर्ट नेऊ नका.

ऐरोलीची_वैशाली: आमच्या मिस्टरांचं झालंय. मशीनवर पांढऱ्या पेशी वेगळ्या करून बाकी रक्त परत अंगात सोडतात. त्यातल्या टी-पेशींत (रोगाशी लढणाऱ्या) जनुक घालून वाढवायला काही आठवडे जातात, तोवर आजार थोपवणारं औषध चालू. पेशी चढवल्यावर ह्यांना सडकून ताप आला, रक्तदाब उतरला, आयसीयूत नेलं. टोसिलिझुमॅब (ही प्रतिक्रिया आवरणारं औषध) दिल्यावर सावरले. खर्च ३० लाखांच्या वर गेला. अमेरिकेत ३-४ कोटी लागतात. आणि दादा, पुढे संसर्गाला फार जपा. कॅन्सरबरोबर संसर्गाशी लढणाऱ्या चांगल्या बी-पेशीही मरतात, साधा खोकलाही अंगावर काढू नका. हिपॅटायटिस बीची तपासणी आधीच करतात.

राजू७७: गाडी नेऊ नका, तुर्भ्याला अडकाल. ठाणे-पनवेल लोकल बरी.

स्मिता_सानपाडा: राजू, पेशंटला लोकलने?

घोडबंदरकर: वैशालीताई, खूप आभार. जुन्या हॉस्पिटलवाले ब्लॉक देत नाहीत, स्लाइड्सच न्या म्हणतात. काय करू?

ऐरोलीची_वैशाली: भावाच्या सहीचा अर्ज द्या, पोच घ्या. आम्हाला पोच मागितल्यावरच मिळाले.