मल्टिकास्ट: लिंक तुटताना नाही, परत येताना चॅनेल जातात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या प्रोव्हायडर नेटवर्कवर सुमारे १८० टीव्ही चॅनेल मल्टिकास्टने (एकच प्रवाह, अनेक ग्राहकांना) जातात. पीआयएम-एसएसएम (मल्टिकास्टची वाट बांधणारा प्रोटोकॉल), ग्रुपचे पत्ते २३२ च्या रेंजमधले, खाली ओएसपीएफ (नेहमीच्या वाटा ठरवणारा राउटिंग प्रोटोकॉल). हेडएंडपासून (चॅनेल जिथून निघतात) ग्राहकांच्या बाजूच्या प्रत्येक एज राउटरपर्यंत दोन वाटा आहेत. मुख्य वाट मध्ये ट्रान्समिशन उपकरणांवरून जाते, राखीव वाट थेट फायबरवर.

मुख्य लिंक तुटली तर चित्र क्षणभर फाटतं आणि सावरतं. बीएफडी (लिंक जिवंत आहे का हे सतत तपासणारा प्रोटोकॉल) ५० मिलिसेकंदांवर, ३ हुकले की डाऊन. तिथे तक्रार नाही. त्रास लिंक परत येताना होतो. सगळे चॅनेल काळे, कधी ४ सेकंद तर कधी २५. युनिकास्टचा (साध्या, एकाकडून एकाकडे जाणाऱ्या ट्रॅफिकचा) एक पिंगही हुकत नाही, त्यामुळे एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षात) अलार्म वाजत नाही आणि आम्हाला कळतं ते ग्राहकांच्या फोनवरूनच. याचं फार वाईट वाटतं.

परवा नेमक्या त्या सेकंदांत एमराउट टेबल (मल्टिकास्टच्या वाटांची यादी) बघायला मिळालं. इनकमिंग इंटरफेस मुख्य लिंकचा, पण आरपीएफ नेबर (स्रोताकडे जाणाऱ्या वाटेवरचा पुढचा राउटर) ०.०.०.०. बीएफडी अजून घट्ट करून पाहिलं, आयजीएमपीचे (ग्राहकाकडून चॅनेल मागण्याचा प्रोटोकॉल) टायमर बदलले, फरक शून्य. आता मोफआर (एक प्रवाह तुटला की आधीच आणलेल्या दुसऱ्यावर उडी) लावावं का? पण मग प्रत्येक चॅनेल दोन्ही वाटांनी ओढावा लागेल आणि राखीव वाटेवर तेवढी जागा नाही.

प्रतिसाद १
०.०.०.० म्हणजे त्या लिंकवर त्या क्षणी पीआयएम नेबरच नाही, मग जॉइन (चॅनेल मागणारा संदेश) पाठवणार कुणाला? एक सांगा, लिंक तुटते तेव्हा इंटरफेस डाऊन होतो का? आणि पीआयएमही बीएफडीला जोडलंय का?

धागाकर्ता
इंटरफेस दोन्ही टोकांना अपच राहतो, मधल्या उपकरणांमुळे. आणि हो, पीआयएमही बीएफडीवर आहे.

प्रतिसाद १
मग कारण हेच. बीएफडी पडलं की ओएसपीएफ आणि पीआयएम दोन्हींचे नेबर एकदम जातात. परत येताना मात्र दोघं आपापल्या घड्याळाने येतात. ओएसपीएफचा हॅलो (‘मी इथे आहे’ असं नेबरला सांगणारा संदेश) १० सेकंदांनी, पीआयएमचा ३० सेकंदांनी. इंटरफेस खरोखर खाली जाऊन वर आला असता तर पीआयएमने ५ सेकंदांच्या आत स्वतःहून हॅलो पाठवला असता. तुमच्याकडे इंटरफेस हललाच नाही, म्हणून पुढच्या ठरलेल्या हॅलोची वाट बघावी लागते. तोवर ओएसपीएफने आरपीएफ परत आलेल्या लिंककडे वळवलेला असतो आणि राखीव वाटेने येणारी पॅकेट आरपीएफ तपासणीत (पॅकेट स्रोताच्या वाटेवरच्या इंटरफेसवरूनच आलं का) टाकून दिली जातात. कधी ४, कधी २५ याचा उलगडा यातच आहे: हॅलोच्या चक्रात तुम्ही कुठे सापडता त्यावर.

बीएफडी कितीही घट्ट करा, ते फक्त तुटणं लवकर ओळखतं.

हॅलो ५ सेकंदांवर आणा, होल्डटाइम (हॅलो न येताही नेबर जिवंत धरायचा काळ) आपोआप साडेतीनपट धरला जातो. पण याने फक्त खिडकी लहान होते, क्रम चुकीचाच राहतो. आधी पीआयएम, मग आरपीएफ असा क्रम हवा. कोअरमध्ये एलडीपी (पॅकेट पुढे पाठवण्यासाठी राउटरांत लेबलं वाटणारा प्रोटोकॉल) चालतं का?

प्रतिसाद २
स्टॅटिक एमराउट (हाताने ठरवलेली मल्टिकास्टची वाट) टाकून आरपीएफ राखीव वाटेवर खिळवून ठेवा, संपला प्रश्न.

प्रतिसाद १
कृपया नको. राखीव वाटेवर मध्येच कुठे काही बिघडलं तर आरपीएफ तिथेच चिकटून राहील.

धागाकर्ता
एलडीपी आहे.

प्रतिसाद १
मग एलडीपी-आयजीपी सिंक (एलडीपी तयार होईपर्यंत ओएसपीएफला ती लिंक टाळायला लावणारी सोय) लावा आणि त्यात ३० सेकंदांचा विलंब जोडा. तेवढा वेळ ओएसपीएफ त्या लिंकची कॉस्ट ६५५३५ (सर्वात जास्त, म्हणजे ही वाट टाळा) सांगतं, आरपीएफ राखीव वाटेवरच थांबतो, आणि पीआयएम नेबर निवांत उभा राहतो. कॉस्ट उतरली की जॉइन लगेच जातो. ही सोय एलडीपीसाठी आहे, पण मल्टिकास्टलाही तिचा आडोसा मिळतो. दोन्ही टोकांना लावायला विसरू नका. हॅलो ५ सेकंदांवर ठेवलात तर १५ सेकंदांचा विलंबही पुरेसा ठरावा.

धागाकर्ता
काल रात्री मेंटेनन्स विंडोत एका लिंकवर केलं. हॅलो ५, विलंब ३०. चार वेळा तोडून जोडली. परत येताना चारही वेळा फक्त एक झटका, काळा पडदा एकदाही नाही. खूप खूप आभार! आता उरलेल्या लिंकवर करतो. पण अख्खा राउटर रीलोड झाला तर?

प्रतिसाद १
तिथे ओएसपीएफला स्टार्टअपवेळी मॅक्स-मेट्रिक (सर्वात जास्त कॉस्ट) सांगायला लावा. पीआयएमचे सगळे नेबर उभे राहून हार्डवेअरमध्ये नोंदी उतरायला तुमच्या राउटरला किती वेळ लागतो ते एकदा मोजा आणि त्याहून जास्त वेळ द्या.