मदत हवी आहे: जूलच्या वातावरणात प्रोब शिरली की फुटते, शनिवारी प्रदर्शन आहे

विज्ञानपेटी_दारव्हा
कोणी लवकर सांगा. प्रोब, म्हणजे माणूस नसलेलं छोटं यान, जूलमध्ये शिरली की फुटते, दरवेळी तेच. तापण्यापासून वाचवणारी शील्ड लावून पाह्यली, त्याहून मोठी लावून पाह्यली, काहीच फरक नाही. शनिवारी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे, आठवीतल्या पोरींनी पोस्टर रंगवून ठेवलं, बोलायचं पाठ करून ठेवलं अन मुख्य गोष्टच चालून नाही रायली. इकडं लाईट सकाळी गेली की दुपारी येते अन लॅपटॉपची बॅटरी तासभरच टिकते, म्हणून व्हिडिओच्या लिंका देऊ नका, इथल्या नेटवर व्हिडिओ चालतच नाही. नेमकं काय बदलू तेवढं लिहा.

धामणगाव_एक्सप्रेस
भाऊ, जूल म्हणजे कर्बल स्पेस प्रोग्राम या गेममधला गुरूसारखा हिरवा ग्रह ना? व्हर्जन कोणतं? शील्ड किती मीटरची? पेरिऍप्सिस, म्हणजे वाटेतला ग्रहाच्या सगळ्यात जवळचा बिंदू, किती उंचीवर ठेवता? अन शिरताना वेग किती दिसते? एवढं सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार.

टायलो_भक्त
वातावरणात जाताच कशाला, हा माझा पहिला प्रश्न. १.० व्हर्जन २०१५ ला आलं तेव्हापासून गेममध्ये तापण्याचा हिशोब नीट लागला, त्याआधी लोक जूलच्या हवेत ब्रेक मारून आरामात थांबायचे, आता ते दिवस गेले. सरळ टायलोकडे, म्हणजे जूलच्या एका चंद्राकडे, चला. टायलोची त्रिज्या ६०० किमी आहे, म्हणजे कर्बिनएवढीच (गेममधली पृथ्वी), आणि हवा अजिबात नाही, त्यामुळे तुम्ही अगदी जवळून जाऊ शकता. टायलोच्या पुढच्या बाजूने, म्हणजे तो जिकडे चाललाय त्याच्या समोरून गेलात की तुमचा वेग कमी होतो आणि थेंबभर इंधन न जाळता जूलच्या कक्षेत अडकता. मी तर आता दुसरं काही करतच नाही.

गगनवेध_पुणे
माझं मत जरा वेगळं आहे. विज्ञान प्रदर्शनात हिरव्या रंगाचा काल्पनिक ग्रह कशासाठी दाखवायचा? मुलांच्या डोक्यात गुरू हिरवा बसेल. ऑर्बिटर हा यान उडवायचा सिम्युलेटर वापरा. मार्टिन श्वाइगर यांनी बनवलेलं आहे, २००० सालापासून मोफत मिळतं, २०२१ पासून सोर्सही खुला आहे, आणि त्यात खरी सूर्यमाला आहे, खरी अंतरं आहेत. शिकायला दोनतीन आठवडे लागतात पण मग जे समजतं ते पक्कं समजतं.

विज्ञानपेटी_दारव्हा
दोनतीन आठवडे कुठून आणू, शनिवारी आहे म्हटलं ना. अन डाउनलोड करायला यवतमाळले जा लागते.
व्हर्जन १.१२, शील्ड १.२५ वाली, पेरिऍप्सिस ५० किमी. टायलो बियलो काही नाही पाह्यजे, मले थांबायचंच नाही, आत पाठवायची आहे. गॅलिलिओ यानानं गुरूच्या आत प्रोब सोडली होती ना, थेच दाखवायचं आहे.

धामणगाव_एक्सप्रेस
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहा लागत होतं भाऊ. कक्षेत थांबणं अन आत उतरणं या दोन पार वेगळ्या गोष्टी आहेत. वेगाचं राहिलंच, शिरताना किती दिसते?

पुसदकर_इलेक्ट्रिकल
लॅपटॉप कोणता आहे? तासभरच बॅटरी टिकते म्हणजे सेल गेले. नवीन बॅटरी टाकून घ्या, ओरिजिनलच घ्या, अन प्रदर्शनाच्या ठिकाणी छोटा इन्व्हर्टर सोबत न्या, १५० एएचची बॅटरी असली तर लॅपटॉप अन एक मॉनिटर दिवसभर चालते. वायर जाड वापरा. आमच्याकडे गणपतीत असंच करतो.

टायलो_भक्त
@गगनवेध, काल्पनिक म्हणून उडवून लावू नका. लेथ, वॉल आणि टायलो या जूलच्या चंद्रांचे फेरे १:२:४ प्रमाणात आहेत, अगदी गुरूच्या आयो, युरोपा आणि गॅनिमीडसारखे. बनवणाऱ्यांनी अभ्यास करूनच केलंय. आणि चंद्राच्या मदतीने वेग मारणं हीही खरी पद्धत आहे. डिसेंबर १९९५ मध्ये गॅलिलिओ पोचलं त्याच दिवशी ते आधी आयोजवळून गेलं, त्यात त्याचं इंधन वाचलं. ज्यूस हे युरोपचं यान २०३१ ला गुरूजवळ पोचेल तेव्हा गॅनिमीडजवळून जाऊनच इंजिन लावणार आहे.

गगनवेध_पुणे
लावणार आहे ना, इंजिन लावणार आहे. चंद्र मदतीला असतो, मुख्य काम इंजिनच करतं. नासाच्या जुनो यानाने जुलै २०१६ मध्ये गुरूच्या अगदी जवळ असताना ३५ मिनिटं इंजिन चालवलं, वेगात बदल फक्त सेकंदाला ५४२ मीटर, आणि तेवढ्यात कक्षेत बसलं. ग्रहाच्या जवळ, वेग सगळ्यात जास्त असताना जाळलेल्या इंधनाचा फायदा सगळ्यात जास्त होतो, हे टायलोवाले नेहमी विसरतात. गेममध्येसुद्धा जूलच्या हवेच्या जरा वर, २१० किमीवर इंजिन लावा, वेग सेकंदाला काहीशे मीटरने बदलला की काम होतं.

टायलो_भक्त
कोणीच विसरत नाही. तेवढ्या बदलासाठी लागणारं इंधन कर्बिनपासून वाहून न्यावं लागतं, ते कोण मोजणार?

विज्ञानपेटी_दारव्हा
तुमचं थांबणं होऊ द्या बाजूला. मी आत सोडून रायली आहे, आत.
वेग सेकंदाला १०,९०० मीटरच्या आसपास दिसते, १५० किमीच्या खाली गेली की तापण्याचे सगळे बार लाल होतात अन मग धडाम.

जुना_खगोलप्रेमी
सर्वांना नमस्कार. एवढी यातायात करण्यापेक्षा मुलींना खरा गुरू दाखवा. साधी १०×५० दुर्बीण खांबाला टेकवून धरली तरी चारही चंद्र दिसतात, जे गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले तेच. खेड्यातलं आकाश शहरवाल्यांच्या नशिबात नाही. आणि त्यांना लोणारला नक्की न्या, तुमच्याकडून एका दिवसात जाऊन येणं होतं. बेसॉल्टमध्ये उल्केने पाडलेलं सुमारे १.८ किमी व्यासाचं विवर आहे, काठावर उभं राहिलं की धडक म्हणजे काय ते समजतं. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे एकामागून एक गुरूवर आदळले तेव्हा पृथ्वीपेक्षा मोठे काळे डाग पडले होते, पण विवर मात्र एकही पडलं नाही, कारण पडायला जमीनच नाही. हे प्रदर्शनात जरूर सांगा.

विज्ञानपेटी_दारव्हा
काका लोणार पोरींनी पाह्यलेलं आहे. पण विवर पडलं नाही हे पोस्टरवर टाकते, चांगलं आहे.

धामणगाव_एक्सप्रेस
टाकते म्हणजे ताई आहात का, मी आपला भाऊ भाऊ करून रायलो. ताई, १०,९०० हा आकडा मले खटकला. कर्बिनवरून साध्या ट्रान्सफरनं गेलं तर जूलच्या हवेत शिरताना ९,९०० च्या आसपास पाह्यजे. एक काम करा. शिरायच्या जरा आधीच्या सेव्हवर जा, खाली गोळ्याच्या वर वेगाचा आकडा असते त्यावर क्लिक करा. एकदा ऑर्बिट लिहून येईल, एकदा सरफेस. दोन्ही आकडे इथं लिहा.

विज्ञानपेटी_दारव्हा
लाईट आली. ऑर्बिट ९,८६०, सरफेस १०,९१०. हा फरक काऊन आहे?

धामणगाव_एक्सप्रेस
सापडलं. तुमची प्रोब जूलच्या फिरण्याच्या उलट्या दिशेनं शिरून रायली.
नीट सांगतो. जूल १० तासात स्वतःभोवती एक फेरी मारते अन त्याची त्रिज्या ६,००० किमी. म्हणजे विषुववृत्तावरची हवा सेकंदाला हजार मीटरच्या वर वेगानं पूर्वेकडं चालली आहे. तुम्ही समोरून आल्या तर तिचा वेग तुमच्या वेगात मिळते, सोबत आल्या तर वजा होते. चालत्या एसटीत चढताना आपण गाडीच्या दिशेनंच धावतो, तसं समजा. सोबत गेलं तर हवेच्या मानानं वेग ८,८०० च्या जवळपास राहील. दोन हजारांचा फरक. ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते म्हणून दीडपटीहून जास्त ऊर्जा तुम्ही उगाच त्या शील्डवर टाकून रायल्या. शील्ड कितीही मोठी लावा, हे नाही बदललं तर फुटेलच.
अन हे फक्त गेमचं नाही. गॅलिलिओची प्रोब गुरूजवळ पोचली तेव्हा तिचा वेग सेकंदाला ६० किमीच्या आसपास होता, पण हवेच्या मानानं ४७ च भरला, कारण तिला गुरूच्या फिरण्यासोबत विषुववृत्ताजवळ शिरवलं होतं. गुरूची तिथली हवा सेकंदाला १२.६ किमीनं पळते. उलटं शिरवलं असतं तर ७२ च्या वर झाला असता. बरोबर बाजूनं जाऊनही तिच्या १५२ किलोच्या शील्डमधले ८० किलो जळून गेले.

गगनवेध_पुणे
हे मात्र उत्तम सांगितलंत. यासाठी ऑर्बिटरची गरज नाही, मान्य.

विज्ञानपेटी_दारव्हा
हे पोरींना लगेच समजलं, दोघी बाजूलेच बसून आहेत. आता बाजू बदलायची कशी? पहिल्यापासून उडवायला वेळ नाही.

धामणगाव_एक्सप्रेस
उडवायचं काहीच काम नाही. जूलपासून लांब असतानाची सेव्ह आहे ना? नकाशात उत्तरेकडून, वरून पाहा. टायलो, लेथ वगैरे घड्याळाच्या उलट फिरताना दिसतील, जूलही तसंच फिरते. तुमची वाट जूलभोवती त्याच दिशेनं वळली पाह्यजे. लांब असताना अगदी थोडं इंजिन, नाही तर नुसते आरसीएस, म्हणजे यानाचे छोटे झोत, मारले तरी वाट ग्रहाच्या या अंगाकडून त्या अंगाकडं सरकते. सरकवताना पेरिऍप्सिस आधी कमी होईल, मधात जूलच्या पोटातून जाईल, मग दुसऱ्या बाजूनं वाढू लागेल, घाबरू नका. जवळ गेल्यावर हेच करायला लय इंधन लागते, म्हणून लांबच करा.

टायलो_भक्त
आणि पेरिऍप्सिस ५० ठेवू नका, ११०-१२० ठेवा, हळूहळू हवेत जाऊ द्या, धक्का कमी बसेल.

धामणगाव_एक्सप्रेस
थांबायचं असलं तर तुमचं बरोबर आहे. पण यांना आत जायचं आहे. उथळ गेलं की वेळ जास्त लागते, तापणं लांबते अन शील्डचा लेप त्यातच संपते, वरून पुन्हा बाहेर निघून जायची भीती. थोडं तिरपं, खोल जाऊ द्या. धक्का बसते, पण प्रोबमध्ये माणूस नाही. गॅलिलिओच्या प्रोबनं तर २२८ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या २२८ पट जोर, सोसला.

टायलो_भक्त
मी दोन्ही करून पाहिलंय, उथळमध्येही प्रोब वाचते.

धामणगाव_एक्सप्रेस
मोठी शील्ड अन हलकी प्रोब असली तर वाचते. १.२५ वर नाही.
आणखी एक, शिरताना टाइम वार्प, म्हणजे गेममधला वेळ भरभर पळवणं, बंद. जमलंच नाही तर सेटिंगमध्ये डिफिकल्टीत जाऊन री-एंट्री हीटिंगची टक्केवारी कमी करता येते, पण ते केलं तर परीक्षकाला तसं सांगा.

विज्ञानपेटी_दारव्हा
झालं!! शील्ड पुरली, पॅराशूट उघडलं, ढगात गेली. पोरी एवढ्या ओरडल्या की शेजारचे पाह्यले आले. टक्केवारीले हात नाही लावला.
पण दोन गोष्टी. लांब अँटेना शिरतानाच तुटली अन सिग्नल गेला, मग पॅराशूट उघडल्यावर शील्ड टाकता नाही आली. अन पोरी विचारतात जमीन किती खाली आहे, मी काय सांगू?

गगनवेध_पुणे
जमीन नाही, हेच सांगा. गेममध्ये शून्य उंची लिहून येते तिथे दाब कर्बिनच्या समुद्रसपाटीच्या १५ पट असतो आणि त्याच्या खाली यान नष्ट होतं. खऱ्या गुरूवर शून्य उंची आपण ठरवून घेतली आहे, जिथे दाब १ बार आहे ती पातळी. गॅलिलिओची प्रोब त्याच्या खाली जात राहिली, ७ डिसेंबर १९९५ ला जवळजवळ तासभर माहिती पाठवत होती, शेवटी दाब २२ बार आणि तापमान १५० अंश सेल्सिअसच्या वर होतं, तरी खाली काही लागलं नव्हतं.
पोस्टरवर एक तुलनाही टाका. जूलची त्रिज्या ६,००० किमी म्हणजे आपल्या पृथ्वीपेक्षाही लहान, गुरूची विषुववृत्तावर ७१,४९२ किमी. पण जूल कर्बिनच्या १० पट आहे आणि गुरू पृथ्वीच्या ११ पट, प्रमाण जवळपास तेच. फिरण्याचा वेळ १० तास आणि ९ तास ५५ मिनिटं. गुरुत्वाकर्षण मात्र जुळत नाही, जूलचं पृथ्वीच्या ०.८ पट, गुरूचं अडीच पट. रंगाबद्दलही एक ओळ लिहा, गुरूचे पट्टे पांढरे, पिवळसर, तपकिरी आहेत. एवढं लिहिलंत की माझी हरकत संपली.

विज्ञानपेटी_दारव्हा
रंगाची ओळ पहिली टाकते. बाकी तक्ता करून लिहून काढते आज रात्री.

धामणगाव_एक्सप्रेस
अँटेनाचं असं आहे, उघडी अँटेना हवेत तुटतेच. कम्युनोट्रॉन १६-एस लावा, ती उघडायची नसते. अन मोठं यान, ज्यातून प्रोब सोडली, त्यावर रिले प्रकारचीच अँटेना पाह्यजे, साधी असली तर ती प्रोबचा सिग्नल पुढं पाठवत नाही. गॅलिलिओची प्रोबसुद्धा थेट पृथ्वीशी बोलत नव्हती, वरून जाणारं यान ऐकून साठवून घेत होतं. त्याची प्रोब पाच महिने आधीच, जुलै १९९५ मध्ये सुटली होती. तुम्हीही लांबूनच सोडा, मग मोठ्या यानाचा पेरिऍप्सिस थोडा वर उचला म्हणजे ते डोक्यावरून जाईल अन प्रोब त्याले दिसत राहील. ग्रहाच्या आड गेलं की संपलं.
प्रोबमध्ये नवीन अँटेना लावायची तर उडवणं परत करा लागेल. आज लाईट आहे तोवर कर्बिनवरून निघून घ्या, अन शिरायच्या आधीची सेव्ह वेगळ्या नावानं ठेवा, प्रदर्शनात तिथूनच सुरू करायचं.