आजीची पत्रांची पेटी : घरच्या ग्रुपवरची चर्चा

मी: आजीसाठी साधी लाकडी पेटी आणलीये. पाइनची, बिनरंगाची, मागे दोन बिजागऱ्या आणि पुढे कडी. नाना आजोबांची पत्रं अजून बुटांच्या खोक्यात आहेत, ती यात ठेवायची. पेटी मीच सजवणार. दीड महिना हातात आहे. सुरुवात कुठून करू? आजी या ग्रुपवर नाही, तेव्हा मोकळेपणानं बोला, पण तिच्यासमोर कुणी विषय काढू नका.

वहिनी: किती छान! पेपर नॅपकिनवरची फुलं कापून चिकटवतात ना, तसं कर. डेकूपाज.

दादा: सरळ रंगव. गडद निळा.

काका: आधी बिजागऱ्या आणि कडी काढ. स्क्रू एका डबीत. कुठली बिजागरी डावी, कुठली उजवी ते आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेव, अदलाबदल झाली की झाकण तिरकं बसतं. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर २२०. लाकडाच्या रेषा जातात त्याच दिशेनं घासायचं. आडवं घासलेले ओरखडे रंगाखालूनही दिसतात.

मी: काका, झाकणावर मधोमध एक तपकिरी गाठ आहे. तीपण घासू?

काका: घास, पण तेवढ्यानं भागणार नाही. पाइनच्या गाठीत राळ असते. फिकट रंग दिलास तर काही महिन्यांनी तिथे पिवळा डाग वर येतो. गाठीवर लाखेच्या पॉलिशचे दोन हात दे, सुतार चपडा म्हणतात ते. वाळलं की प्रायमर.

आत्या: आणि झाकणाची कड रंगवू नकोस. हे मी अनुभवानं सांगतेय. गेल्या वर्षी मैत्रिणीसाठी पेटी केली होती, सगळीकडून एकसारखी रंगवली, वर वॉर्निश दिलं, दोन दिवस वाळवली आणि झाकण लावून गुंडाळून दिली. तिनं उघडायला घेतली तर उघडेना. जोर लावला तेव्हा कडेचा रंग लांब पट्टीसारखा सोलून आला. तिच्या हातात ती पट्टी बघून मला रडू आलं होतं. अॅक्रिलिक हाताला कोरडा लागला तरी आतून बरेच दिवस मऊ असतो. असे दोन रंगवलेले पृष्ठभाग एकमेकांवर दाबून ठेवले की चिकटतात. म्हणून जिथे झाकण टेकतं ती कड कोरीच ठेव, वाटलंच तर मेणबत्ती फिरव. आणि वॉर्निश झाल्यावर निदान दोन आठवडे पेटी उघडी राहू दे. दीड महिन्यातले दोन आठवडे तिथेच गेले असं धर.

मी: बापरे, बरं झालं सांगितलंस.

वहिनी: मग वर फुलं की नुसता रंग?

आत्या: फुलं सुंदर दिसतील गं, पण फुलांची पेटी कुणालाही देता येते. ही आईची आहे. नानांचं अक्षर लाव झाकणावर.

मी: मूळ पत्र कापायचं??

आत्या: अजिबात नाही! मूळ पत्राला कात्री नाही आणि डिंकही नाही. झेरॉक्स काढ. आणि झेरॉक्सच, घरच्या इंकजेटवर छापू नकोस. ती शाई बहुतेक पाण्यानं पसरते, आणि आपला गोंद पाण्यातलाच. अक्षर डोळ्यांदेखत निळं-जांभळं होऊन वाहून जातं. झेरॉक्समध्ये पावडर उष्णतेनं कागदावर वितळून बसते, ती पाण्याला दाद देत नाही.

वहिनी: आणि नॅपकिन वापरला तर त्याचे पदर सोडवायचे हं, फक्त छापलेला वरचा पातळ पदर घ्यायचा. खालचे राहिले की सुरकुत्या पडतात.

आत्या: बरोबर. साध्या कागदाला गोंद पातळ आणि दोन्हीकडे, पेटीलाही आणि कागदालाही. मधून कडेकडे बोटानं हवा काढत जायचं. वर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून दाबलं तर ओला कागद फाटत नाही. पूर्ण वाळल्यावर वॉर्निशचे पातळ हात, दोन हातांच्या मधे हलकासा २२०. पाण्यातलं वॉर्निश घे. तेलातलं काळानुसार पिवळं पडतं.

काकू: माझ्याकडे नक्षीची चांगली कात्री आहे, घेऊन जा. मीच कापून दिलं असतं पण आता हात थरथरतो.

आत्या: वहिनी, तुम्ही कापायलाच हवं. मेरी डेलनी नावाच्या बाई होत्या इंग्लंडमध्ये, जन्म १७००चा. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी रंगीत कागद कापून फुलांची चित्रं करायला घेतली आणि ९००हून जास्त केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कात्री स्थिर धरायची आणि डाव्या हातानं कागद फिरवायचा, थरथर कमी लागते.

काकू: बघते मग. दुपारी उजेड चांगला असतो.

दादा: आतून लाल मखमल? नाहीतर फेल्ट?

आत्या: आत पत्रं आहेत, तेव्हा बाहेरच्यापेक्षा आतलं महत्त्वाचं. कच्च्या लाकडातून आम्ल सुटतं आणि त्यानं कागद पिवळा, ठिसूळ होतो. आत आम्लरहित कागदाचं अस्तर लाव. रंग आणि गोंदाचा वास पूर्ण जाईपर्यंत पत्रं ठेवू नकोस. लोकरीचं फेल्ट नको, त्यातून गंधकाची वाफ निघते. नानांचं चांदीचं बटण त्यात ठेवणार असशील तर ते काळं पडेल.

मी: ठेवणार आहे! आणि पत्रांना रबरबँड आहे, तो चिकटलाय.

आत्या: ओढू नकोस. सावकाश कापून काढ, कागदाला चिकटलेला भाग तसाच राहू दे. नंतर सुती फितीनं सैल बांध.

मी: वाचायला म्हणून आजीकडून पत्रं मागून घेतलीत. ४१ आहेत. आत्या, प्रत्येक पत्राच्या शेवटी नावाच्या जागी एक छोटी होडी काढलीये. दोन रेघा आणि एक शीड. शेवटच्या पत्रांत शीड वाकडं झालंय.

काका: नानांचा हात तेव्हा दुखत असायचा.

आत्या: होडी झाकणावर नको. झाकणाच्या आतून लाव. आई उघडेल तेव्हाच दिसेल.

काकू: ती वाकडीच लावा.

मी: हो, तीच. वर निळा, दादा म्हणाला तसा, आणि एका कोपऱ्यात फक्त "प्रिय" एवढा शब्द. काकू कापतील.

काका: पत्र मावतं का पेटीत? कुणी मोजलं?

मी: थांबा.

मी: पेटी आतून २४ सेंटिमीटर लांब. सगळ्यांत मोठं पाकीट २३.५.

आत्या: म्हणजे मखमलीचा प्रश्नच मिटला. पातळ कागदाचंच अस्तर, पाकिटाला नवी घडी पडता कामा नये.

मी: नाही पडू देणार. १२० चा कागद आहे, २२० चा दादा आणतोय. बिजागऱ्या निघाल्या, डावी-उजवी लिहून ठेवली.