सेन्सर आले तरी पंच लागतातच

"तायक्वांदोच्या चिलखतात सेन्सर बसवलेत, मग कोपऱ्यातले पंच कशाला?" हा प्रश्न मला पटत नाही. तायक्वांदोत सेन्सर लाथेचा जोर मोजतो, ठोशाचा नाही. छातीवरच्या ठोशाचा १ गुण आजही पंचच बटण दाबून देतात. धडावर साधी लाथ २, डोक्यावर ३. गिरकी घेऊन मारली तर ४ आणि ५. ती गिरकी खरोखर झाली का, हे माणसाचा डोळाच ठरवतो.

डोळा चुकतो, हे मान्य. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या सारा स्टीव्हनसनची लाथ चीनच्या चेन झोंगच्या तोंडावर बसली, अगदी शेवटच्या क्षणांत, आणि गुणच मिळाला नाही. चेनला विजयी घोषित केलं, मग चित्रफीत पाहून निकाल फिरवावा लागला. लंडनला २०१२ मध्ये सेन्सर आणि व्हिडिओ रिप्ले दोन्ही आले, ते उगाच नाही.

मला खरी काळजी गामजोमची, म्हणजे नियम मोडल्याच्या दंडाची, वाटते. परवा माझी भाची लाथ मारताना तोल जाऊन पडली, उठेपर्यंत पंचांनी "गामजोम" म्हणून समोरच्या मुलीला गुण दिलासुद्धा. एका फेरीत असे पाच झाले की फेरीच गेली. मुलांना हे पहिल्या महिन्यातच शिकवा हो!