पूर्वजांच्या शोधात निघालो आणि रहस्यकथा सापडली: तुमचे अनुभव लिहा

घराण्याचा माग काढायला प्रत्येक घरातून कोणी ना कोणी बाहेर पडतंच. मूळ गाव, पुराभिलेखागार, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांकडच्या नामावळ्या, असं करत करत त्याचा नादच लागतो. त्यातले काही जण रहस्यकथाही लिहितात, निदान लिहायचं मनात तरी असतं. हा धागा अशांसाठी. पूर्ण वंशावळी इथे टाकू नका. कुठे अडलात, काय खटकलं आणि त्याचं कथेत काय केलंत, ते लिहा. हयात नातेवाइकांची नावं टाळा. आहे ती भाऊबंदकी पुरे आहे.

रुमालवाली

मीच सुरुवात करते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की मूळ पुरुषाच्या धाकट्या भावाने मेल्यानंतर वाटणीपत्रावर साक्ष घातली. आत्याच्या टिपणवहीत ते चक्क आकड्यांत आहे: मृत्यू 1175, वाटणीपत्र 1180. लहानपणी मला याची भीती वाटायची. पुढे वाटायला लागलं की यावर कथा लिहावी.

त्यासाठी पुणे पुराभिलेखागारात गेले. तिथे पेशवे दफ्तराचे कागद कापडात बांधून ठेवलेले असतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. मोडी मला जेमतेम येत होती. या लिपीत आधी ओळभर रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, त्यामुळे नाव कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं तेच कळत नाही. शेजारी बसलेल्या एका जाणत्या काकांनी मदत केली. मृत्यूचा उल्लेख ज्या अर्जात होता, त्यात साल शब्दांत होतं: 'खमस सबैन मया व अलफ'. अरबीतले पाच, सत्तर, शंभर आणि हजार. हा सुहूर सन, मराठी राज्याच्या कागदांत वापरला जाणारा. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे 1774-75. वाटणीपत्रावरचं 1180 मात्र फसली, म्हणजे शेतसाऱ्यासाठीच्या वेगळ्या सालगणनेतलं निघालं. दक्षिणेतल्या फसलीत 590 किंवा 591 मिळवायचे, म्हणजे 1770-71. धाकटे आजोबा साक्षीच्या वेळी चांगले धडधाकट होते. कागदाच्या तळाशी त्यांच्या नावापुढे चिमुकला नांगर काढलेला आहे, निशाणी म्हणून. फाळाची रेघ थोडी फराटलेली आहे.

भूत गेलं, कथा मात्र मिळाली. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनामांचे हक्क तपासणाऱ्या सरकारी इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना हक्काचे जुने कागद पुढे करावे लागले. खोटा कागद करायला याहून सबळ निमित्त कुठलं? माझ्या कथेतला वारस शंभर वर्षांपूर्वीचा कागद 'तयार' करवून घेतो. शाई आणि वळण अगदी जुळतं. फक्त सुहूर आणि फसलीतल्या नऊ वर्षांच्या फरकात तो अडकतो. पकडणारा कमिशनचा साहेब नाही, हाताखालचा कारकून आहे.

नमुना चौदा

माझं काम तहसीलच्या अभिलेख कक्षात होतं. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. जन्ममृत्यूच्या नोंदी. पणजोबांचा एक दाखला हवा होता, बाकी काही नाही.

1918 चं पुस्तक उघडलं. एरवी महिन्याच्या नोंदी अर्ध्या पानात मावतात. ऑक्टोबर सुरू झाला आणि पानं संपेनात. एकच हस्ताक्षर, कारणाच्या रकान्यात 'ताप', खाली 'ताप', त्याखाली पुन्हा तेच. नंतर नंतर लिहिणाऱ्याने शब्द लिहिणं सोडून नुसती दोन टिंबं दिली आहेत. ती इन्फ्लुएन्झाची साथ. आमच्या घरातली चार माणसं एका आठवड्यात गेलेली दिसली, आणि त्या चौथ्यापाशी माझ्यातला लेखक जागा झाला. तीन तापाने गेले हे खरं, पण चौथा? त्या दोन टिंबांखाली काहीही दडपता येईल. डॉक्टर नाही, पंचनामा नाही, सरणाला लाकडं मिळायची मारामार. अशा गावात शंका घ्यायला कोण थांबलंय?

पण तो चौथा माझा चुलतपणजोबा. त्याच्या खुनाचा आळ घ्यायचा तर घरातल्याच कुणावर. म्हणून गाव, आडनाव, नाती, जमिनीचा वाद, सगळं बदललं. तेवढी टिंबं ठेवली. कथा घरी अजून दाखवलेली नाही.

पणजीचं माहेर

छापील कुलवृत्तांतात आमच्या सात पिढ्यांचे पुरुष आहेत, कोण कुठे नोकरीला होता त्यासकट. पणजी मात्र लग्नानंतरच्या नावाने एका ओळीत. माहेरचा पत्ता शेवटी नाशिकला उपाध्यांच्या नामावळीत लागला: तिच्या भावाने स्वतःच्या हाताने 'बहिणीसमवेत' असं लिहून ठेवलंय. रहस्यकथेत गायब झालेली बाई शोधायला डिटेक्टिव्ह लागतो. आपल्याकडे त्यासाठी नुसतं लग्न पुरायचं.

दर्यापार

आमचं मूळ रत्नागिरीकडचं. खापरपणजोबांचा भाऊ 'समुद्रात बुडाला' असं घरात ठरलेलं. मॉरिशसला ऊसमळ्यांसाठी मजूर 1834 पासून जात होते, मुंबई बंदरातूनही जात, हे वाचल्यावर मला ते बुडणं पटेना. तिथे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदी आहेत. प्रत्येकाला एक नंबर, मग जहाज, वय, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरच्या खुणा. पुढच्या काळातल्या काही नोंदींना फोटोही आहेत.

माणूस सापडला असं मला वाटतं. गाव जुळतं, वय जुळतं, डाव्या भुवईवरचा व्रण जुळतो (आजी त्या व्रणाची गोष्ट सांगायची). बापाचं नाव जुळत नाही. कारकुनाने चुकीचं ऐकलं, की याने मुद्दाम दुसरं सांगितलं? पोर्ट लुईला, हे मजूर जिथे उतरायचे त्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांवर बराच वेळ हाच विचार करत होतो. वंशावळीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे आणि तसंच राहील. कादंबरीत मात्र तो मुद्दाम खोटं सांगतो, आणि का, ते शेवटच्या प्रकरणात येतं.

नवशिका

रुमालवाली ताई, 599 की 600 हे कसं ठरवायचं? माझ्याकडच्या कागदावर नुसताच सुहूर सन आणि महिना आहे.

रुमालवाली

महिना आहे ना, मग झालं. हे वर्ष मृग लागला की बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. कागद मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर 599 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर 600. महिना मुसलमानी असेल तर आधी तो कोणत्या ऋतूत पडत होता ते जंत्रीत बघा.