बासष्टचा अहवाल अजून कपाटात आणि म्हणे "जुनी मढी उकरू नका"

सुभेदारकन्या
काल इथे एकांनी लिहिलं की बासष्टच्या चीन युद्धाची मढी उकरून काय मिळणार, सैनिक हुकूम पाळतो, सरकार निर्णय घेतं, हरलो तर हरलो, पुढे चला. सोडून देणार होते पण रात्रभर डोक्यातून जाईना. हुकूम कसला होता ते तरी बघा ना. ईशान्य सीमेवर नामका चू नदीच्या काठाला सातवी ब्रिगेड उभी केली, समोर थागला डोंगराच्या उंचीवर चिनी आणि आपली पोरं खाली नदीशी, ऑक्टोबरच्या थंडीत अंगावर सुती कपडे, हातात जुनी थ्री नॉट थ्री रायफल, माणशी पन्नासेक गोळ्या, विमानातून टाकलेलं बरंचसं सामान दरीत. आणि १२ तारखेला पंतप्रधान विमानतळावर पत्रकारांना सांगून मोकळे की चिन्यांना हाकलायचा हुकूम दिलाय. २० ला पहाटे ब्रिगेडच उरली नाही, ब्रिगेडियर दळवी स्वतः कैदेत गेले. मग हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या दोन सेनाधिकाऱ्यांना पराभवाच्या चौकशीला बसवलं, १९६३ ला अहवाल आला तो आजतागायत कुलुपात. ज्यांचा माणूस गेला त्यांना तो का गेला हे सांगायचं नाही आणि वर त्यांनीच पुढे चालायचं?

आडवाटेचा
ते लिहिणारा मीच. शब्द वाईट वापरला, मान्य, मुद्दा मागे घेणार नाही. त्या दोघांना राजकीय निर्णय तपासायचे अधिकारच नव्हते, फक्त लष्करी कारवाई बघायची होती, त्यामुळे नेहरूंना फासावर चढवायला तो कागद उपयोगी नाही. दुसरं, ती सीमा अजून ठरलेली नाही, डोंगर तेच, वाटा त्याच, २०१० ला तेव्हाचे संरक्षणमंत्री अँटनींनी संसदेत हेच कारण दिलं. आणि सेनाधिकाऱ्यांचं काय? ऐन वेळी कोअर कमांडर कौल आजारी पडून दिल्लीत, से ला खिंडीतलं ठाणं न लढता सोडलं. सगळं सरकारवर ढकलून कसं चालेल?

माणदेशी
या चर्चेत एक नाव कोणी घेत नाही. संरक्षणमंत्री मेनन पायउतार झाल्यावर त्या जागी कोणाला बोलावलं? मुख्यमंत्रीपद सोडून यशवंतराव गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला ते उगाच म्हणत नाहीत. सव्वाआठ लाखांची फौज, डोंगरी डिव्हिजन्स, हे सगळं त्यांच्या काळात ठरलं म्हणून ६५ ला पाकिस्तानपुढे पाय रोवून उभे राहिलो.

सुभेदारकन्या
यशवंतरावांबद्दल मला आदरच आहे, आमच्या घरात त्यांचा फोटो होता. पण २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत निवेदन करून अहवाल मात्र बाहेर न काढणारे तेच ना? मनोधैर्य खचेल म्हणून. तेव्हा ठीक असेल. साठ वर्षांनी कोणाचं मनोधैर्य खचतंय?

माणदेशी
दिल्लीत बसलेल्यांनी केलेला घोळ त्यांनी निस्तरला आणि आता त्यांनाच आरोपी करताय. आपल्या माणसाचे पाय ओढायची आपली जुनी सवय.

तोफखाना निवृत्त
अहवाल राहू द्या बाजूला, जिवंत माणसाचं बघा. मी तेवीस वर्षं तोफखान्यात काढली. भरतीला दोन्ही कान ठणठणीत, कागदावर तसं लिहिलेलं आहे. घरी आलो तेव्हा डावा कान गेलेला आणि मेडिकल बोर्ड काय लिहितं, तर सेवेशी संबंध नाही. तोफेशेजारी उभं राहिलेल्या माणसाचा कान सेवेमुळे गेला नाही तर कशामुळे गेला? २०१३ ला सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग केसमध्ये स्वच्छ सांगितलंय, भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर तो नोकरीत जडला असंच धरायचं. तरी प्रत्येकाने वेगळं भांडायचं. लष्कराच्या ट्रायब्युनलमध्ये जिंकलो, सरकार वरच्या कोर्टात गेलं. सरकारच्या वकिलाची फी पण आपल्याच करातून, माझी पेन्शनीतून. वर २०१९ ला पत्रक काढलं की वय होऊन निवृत्त झालेल्याच्या अपंगत्व पेन्शनला करमाफी नाही.

हिशेबनीस
काका, तुमची केस खरी असेल, पण सगळ्या खऱ्या नसतात. निवृत्तीच्या तोंडावर बीपी, शुगर दाखवून अपंगत्व घेणारे मी जवळून पाहिलेत, त्यात मोठे अधिकारी पण. पेन्शनचा बोजा वाढला की शस्त्रांना पैसे उरत नाहीत, मग परत सुती कपड्यात लढायचं का?

तोफखाना निवृत्त
खोटे असतील त्यांना पकडा ना, बोर्ड तुमचं, डॉक्टर तुमचे! त्यांच्यापायी माझा कान खोटा कसा? आणि बोजा म्हणू नका हो. जवान पस्तिशी-चाळिशीत घरी पाठवता, पोरं शाळेत असतात. एकाहत्तर जिंकून दोन वर्षं होत नाहीत तोच १९७३ ला जवानाची पेन्शन शेवटच्या पगाराच्या ७० टक्क्यांवरून ५० वर आणली. पुढे वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे हुद्दा आणि नोकरीची वर्षं सारखी तर पेन्शनही सारखी यासाठी, म्हातारे जंतरमंतरवर बसले तर २०१५ च्या १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी पोलीस घालून उठवायला गेले. छातीवर मेडल असलेल्यांना.

आडवाटेचा
धागा कुठून कुठे गेला. तेव्हा सरकार कोणाचं होतं तेही लिहा मग, की फक्त नेहरूच?

सुभेदारकन्या
लिहिते, मला कोणाची भीड नाही. मार्च २०१४ ला विरोधात असताना भाजपचे जेटली विचारत होते की हा अहवाल गुप्त का. जुलैमध्ये संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेत त्यांनीच नाही म्हटलं. चार महिने. आणि सीमेचं कारण देताय तर कारगिल समितीचा अहवाल युद्धानंतर वर्ष व्हायच्या आत, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत ठेवलाच ना? नाजूक भाग गाळून ठेवला. पाकिस्तानची सीमा काय मिटली होती?

आडवाटेचा
कारगिलचं बरोबर आहे. नाजूक भाग गाळून द्या, याला माझा विरोध नाही. पण त्यातून तुम्हाला पाहिजे तो दोषी सापडेल या भ्रमात राहू नका.

सुभेदारकन्या
दोषी नकोच आहे मला. त्याच युद्धातलं लडाखच्या रेझांग ला खिंडीचं आठवा. १३ कुमाऊँच्या चार्ली कंपनीतले जे मोजके वाचले त्यांनी सांगितलं की शेवटच्या गोळीपर्यंत लढलो, तर त्यांचं कोणी खरं धरेना. फेब्रुवारीत बर्फ ओसरल्यावर एका मेंढपाळाला प्रेतं दिसली, मेजर शैतान सिंग आणि त्यांची माणसं, खंदकात होती तशी, बंदुका हातात. मेलेल्यांनी साक्ष दिली तेव्हा पटलं. काकांच्या कानाचं तेच चाललंय.

हिशेबनीस
दोन्हीची तुलना होऊ शकत नाही. पण काका, तुमच्याबाबतीत सरकारने वर जायला नको होतं, एवढं म्हणतो.

तोफखाना निवृत्त
एवढं बोर्डाने म्हटलं असतं तर सहा वर्षं वाचली असती. पुढच्या महिन्यात तारीख आहे. जाणार.