ओपीडीतील प्रतीक्षाकाळाचे विश्लेषण : एक्सेल पुरेल की आर शिकावे?

प्रश्न :
मी एका रुग्णालयाच्या प्रशासन विभागात काम करते. केसपेपर काढल्यापासून डॉक्टरांनी तपासेपर्यंत रुग्णाला किती वेळ थांबावे लागते, याच्या नोंदी एक्सेलमध्ये आहेत आणि सकाळ व संध्याकाळच्या ओपीडीत खरोखर फरक आहे का, हे वरिष्ठांना दाखवायचे आहे. बारावीनंतर संख्याशास्त्राशी संबंध आलेला नाही. थेट आर ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा शिकावी, एसपीएसएस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरचा क्लास लावावा, की एक्सेलवरच भागेल?

उत्तर १ :
क्लासची घाई करू नये. एक्सेल वेळ दिवसाच्या अंशात साठवते, त्यामुळे दोन वेळांची वजाबाकी केल्यावर अर्ध्या तासाच्या जागी ०.०२०८ असा आकडा दिसू शकतो; त्याला १४४० ने गुणले की मिनिटे मिळतात. दुसरे असे की, सरासरी काढताना एक्सेल रिकामी चौकट वगळते, शून्य मात्र धरते, आणि वेळ ठाऊक नसली की एंट्री करणारी मंडळी बेलाशक शून्य टाकतात. हे निस्तरल्यावर सरासरीबरोबर मध्यकही, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडाही, काढावा. पाच रुग्ण १०, १२, १५, १८ आणि ९५ मिनिटे थांबले असतील, तर सरासरी ३० येते आणि मध्यक १५. म्हणजे चौघे वीस मिनिटांच्या आत मोकळे झालेले असूनही अहवालात ‘सरासरी अर्धा तास’ असे छापले जाते. आलेख काढल्याशिवाय तर कोणतीही संख्याशास्त्रीय चाचणी लावूच नये. संख्याशास्त्रज्ञ अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच मांडले होते. त्यांची सरासरी, प्रचरण (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप) आणि सहसंबंध जवळजवळ सारखे, पण आलेख एकाचा दुसऱ्याशी जुळत नाही.

उत्तर २ :
वरील मताशी सहमत आहे, परंतु सकाळ-संध्याकाळच्या दोन पाळ्यांची तुलना करण्यासाठी जामोव्ही हे सॉफ्टवेअर घ्यावे असे सुचवेन. ते मोफत आहे, आरवरच उभारलेले आहे आणि त्यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. प्रतीक्षाकाळ बहुधा एका बाजूला लांबलेला असतो, म्हणजे थोडे रुग्ण फार वेळ थांबतात, म्हणून दोन सरासरींतील फरक तपासणाऱ्या टी-चाचणीच्याच खिडकीत असलेली, सरासरीऐवजी आकड्यांच्या क्रमवारीवर आधारलेली मान-व्हिटनी चाचणीही पाहावी. टी-चाचणीचे उत्तर आर आणि जामोव्हीत किंचित वेगळे आले तर गोंधळू नये : आर न सांगताच टी-चाचणीची वेल्च पद्धत वापरते, म्हणजे दोन्ही गटांचे प्रचरण समान असल्याचे गृहीत धरत नाही, जामोव्हीत तो पर्याय आपण निवडावा लागतो.

प्रश्नकर्ती :
आभारी आहे. जे रुग्ण कंटाळून न तपासताच निघून गेले, त्यांच्या ओळी काढून टाकाव्यात का?

उत्तर १ :
मुळीच नाही. बहुधा तेच सर्वाधिक ताटकळलेले असतात, त्यामुळे त्यांना वगळल्यास गर्दीची पाळी आहे त्यापेक्षा चांगली दिसेल. ‘तपासणी झाली / निघून गेले’ असा वेगळा स्तंभ करावा, निघून गेलेल्यांचे शेकडा प्रमाण प्रत्येक पाळीसाठी स्वतंत्र द्यावे आणि ते मध्यकाच्या शेजारीच छापावे.